फ्रीज, निळा आणि हळूहळू

दिवाळी अंकाच्या संपादिकाबाईंचा फोन आला. विषय त्यांनीच ठरवून ठेवला होता : 'रंगभूमीच्या सेवेतील माझा प्रवास'. मी म्हटलं, बाई, यातलं काहीच मी केलेलं नाही. सेवा केली नाही, नोकरी केली. आणि प्रवास तर अजिबात नाही; चौतीस वर्षं एकाच विंगेत, एकाच दोराशेजारी उभा होतो. माझ्यासमोर लोक आले, भांडले, मेले आणि विंगेत येऊन चहा प्यायले. मी आपला तिथेच. त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग उभ्या उभ्या जे पाहिलं ते लिहा.

तर मी पडदेवाला. जबलपुरातल्या एका ट्रस्टच्या सभागृहात माझा हुद्दा 'मंच सहायक' असा होता, पण तो फक्त हजेरीच्या वहीत. बाकी सगळं गाव मला 'परदेवाले पाटणकर भैया' म्हणतं. मराठी माणसंसुद्धा तसंच म्हणतात. वडील इथे तोफांच्या फॅक्टरीत होते, आजोबाही फॅक्टरीत. मी फॅक्टरीच्या भरतीत दोनदा आपटलो, तेव्हा वडिलांनी ओळखलं की तोफांपासून मला लांब ठेवण्यातच देशाचं भलं आहे, आणि ट्रस्टच्या सेक्रेटरींना भेटून त्यांनी मला या दोराला बांधलं.

काम सोपं. नाटक सुरू झालं की पडदा उघडायचा, संपलं की पाडायचा. 'पाडायचा' म्हणतात खरं, पण आमचा पडदा पडत नव्हता. तो मधोमध दुभंगून दोन्हीकडे जायचा आणि परत येऊन मिळायचा. कप्पीवरून आलेला दोर एका बाजूनं ओढला की उघडा, दुसऱ्या बाजूनं ओढला की बंद. तरी मराठीत तो 'पडला' आणि हिंदीत 'गिरा'. नाटकवाल्यांचं असंच असतं, जे समोर दिसतं त्याला ते भलतंच नाव देतात. हिंदी नाटकं, शाळांची गॅदरिंगं, कवी संमेलनं, पुढाऱ्यांचे सत्कार आणि वर्षातून दोनदा आमच्या मराठी मंडळाचं नाटक, हे सगळं त्या दोरावर चालायचं. एकदा बड्या फुहाऱ्याच्या बाजारातल्या एका कापडवाल्यानं हॉलमध्ये सेल लावला आणि उद्घाटनाला पडदा उघडायला मला उभं केलं. पडदा उघडला तर आत नुसत्या साड्या. मंडळाच्या एकाही नाटकाला एवढ्या टाळ्या मी ऐकलेल्या नाहीत.

या लोकांच्या भाषेतल्या एका शब्दानं मात्र माझ्या घरात घोळ घातला. तो शब्द म्हणजे 'फ्रीज'. त्याच्यापायी माझी मुलगी मेघा चौदा वर्षं माझ्याशी मराठीत बोलली नाही. बोलत होती, नेमानं बोलत होती, पण हिंदीत. ते सांगायलाच बसलोय. पण ज्यांनी नाटक फक्त खुर्चीत बसून पाहिलंय त्यांना आधी शब्द समजला पाहिजे.

फ्रीज म्हणजे नटांनी जागच्या जागी थिजणं. नाटकाच्या शेवटी ज्याचा हात वर असेल त्याचा वर, ज्याचं तोंड उघडं असेल त्याचं उघडं, सगळे पुतळे. मग हळूहळू प्रकाश उतरतो आणि पडदा पडतो. लेखकाला शेवट सुचला नाही की तो फ्रीज लिहितो, असं माझं प्रामाणिक मत आहे. नटांना फ्रीज आवडतो, कारण तेवढा वेळ पाठ केलेलं काही बोलावं लागत नाही. आणि तो किती वेळ टिकवायचा हे लेखक लिहीत नाही, दिग्दर्शक सांगतो पण त्याचं कोणी ऐकत नाही. ते ठरवतो पडदेवाला. माझा हात हलेपर्यंत मोठमोठ्या नटांना पापणी हलवायची सोय नसायची. फॅक्टरीत साहेब झालो असतो तरी एवढी सत्ता मिळाली नसती.

एकदा एका ऐतिहासिक हिंदी नाटकात या सत्तेची अर्धीच अंमलबजावणी झाली. राजा तलवार उगारून उभा, समोर चार प्रेतं, सगळे फ्रीज. मी दोर ओढला आणि पडद्याची डावी बाजू मध्यावर येऊन थांबली, उजवी मात्र कप्पीत अडकली ती अडकलीच. आता झालं असं, की पडद्यामागच्या अर्ध्या मंडळींना वाटलं नाटक संपलं. त्यातलं एक प्रेत उठून पाठ खाजवायला लागलं, दुसऱ्यानं तंबाखू काढली. उजवीकडचे बिचारे प्रेक्षकांना दिसत होते, ते तसेच थिजलेले. उजव्या उघड्या बाजूतून अर्ध्या सभागृहाला दोन्ही दिसत होतं. राजाचा हात तलवारीसकट थरथरायला लागला, तरी त्यानं तो खाली घेतला नाही. मी शिडीवर चढून कप्पी सोडवली तेव्हा टाळ्या पडल्या. त्या राजाला होत्या की मला, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

हा झाला पहिला अर्थ. दुसरा त्याच्या बरोबर उलटा. नट ऐनवेळी वाक्य विसरला, डोळ्यांसमोर पांढरं झालं, की विंगेतले लोक म्हणतात, गेला, फ्रीज झाला. म्हणजे एक फ्रीज ठरवून केलेला आणि एक देवानं केलेला. गंमत अशी की समोरून दोन्ही अगदी सारखे दिसतात. तिसरा अर्थ तुमच्या स्वयंपाकघरात उभा आहे.

या तिन्ही अर्थांची गाठ एकाच नाटकात पडली. पंधरा वर्षांपूर्वी मराठी मंडळानं एक दोन अंकी नाटक बसवायला घेतलं. नाव सांगत नाही, कारण लेखक हयात आहेत, इथल्याच गोरखपूर मोहल्ल्यात राहतात आणि संध्याकाळी फिरायला माझ्याच गल्लीतून जातात. गोष्ट साधी होती. नंदा नावाची मुलगी घर सोडून जायला निघालेली. दोन अंक आईशी भांडण. शेवटी ती बॅग घेऊन दारात उभी राहते, वळून आईकडे बघते आणि सांगते की मी जात नाही. फ्रीज. पडदा.

दिग्दर्शक आपटेसर. रेल्वेत अधिकारी होते. पुण्याहून बदलीवर आले त्याला तेव्हाच वीस वर्षं होऊन गेली होती, पण त्यांच्या बोलण्यावरून वाटायचं की सामान अजून स्टेशनवरच आहे. आमच्या जबलपुरी मराठीचा त्यांना शारीरिक त्रास व्हायचा. कोणी 'का'च्या जागी 'काहून' म्हटलं की ते डोळे मिटून घेत. कोणी चहा पीत असताना 'चहा पिऊन राहिलो' म्हटलं की विचारत, "पिऊन कुठे राहिलात?" माणूस वाईट नव्हता, पण तालमीनंतर लोक त्यांच्या देखत चहा प्यायचं टाळत.

नाटकात लागणाऱ्या वस्तू गोळा करायचं काम मिश्राजींकडे होतं. सभागृहाच्या नोकरीत ते माझे जोडीदार. त्यांना मराठी येत नाही. पण लिपी एकच असल्यामुळे वाचता येतं, आणि वाचता येतं म्हणजे समजतंच, अशी त्यांची मनापासूनची खात्री. त्यांनी नाटकाची प्रत घरी नेऊन वस्तूंची यादी केली. तांब्या, चष्मा, बॅग, वर्तमानपत्र. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, 'आई, नंदा, फ्रीज.' मिश्राजींनी यादीत फ्रीज लिहिला. माणूस कामाला चोख, म्हणून त्यांनी आपटेसरांना विचारूनही घेतलं की आखिरी में जो फ्रीज है, उसमें रंग कौन सा रहेगा? आपटेसर त्या वेळी लाइटवाल्याशी बोलत होते. त्यांना वाटलं प्रकाशाचं विचारतायत. म्हणाले, "निळा. आणि एकदम नको, हळूहळू आणा."

रंगीत तालमीच्या दिवशी, म्हणजे कपडे-दिव्यांसकट होणाऱ्या शेवटच्या तालमीला, सभागृहाच्या दारात एक टेम्पो थांबला. मिश्राजींच्या साडूचं भेडाघाटला संगमरवराच्या मूर्तींचं दुकान आहे, आणि दुकानापुढे पर्यटकांसाठी थंड पेयांचा फ्रीज. निळा. तो फ्रीज वीस किलोमीटर अतिशय हळूहळू आणला होता, कारण आत बाटल्या होत्या. चार जणांनी उचलून तो रंगमंचाच्या मधोमध ठेवला. मिश्राजींनी फडक्यानं पुसला आणि विचारलं, "सर, चालू भी करना है क्या?"

आपटेसर वर केलेलं बोट तसंच ठेवून उभे राहिले. हा फ्रीज पहिल्या अर्थाचा की दुसऱ्या, मला ठरवता आलं नाही. टेम्पो निघून गेला होता, त्यामुळे फ्रीज दोन दिवस विंगेत माझ्या शेजारी उभा होता. बाटल्या नटमंडळींनी संपवल्या. साडूला मिश्राजींनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

हे सगळं हसण्यावारी गेलं. मला मात्र धड हसता येत नव्हतं, कारण नंदाचं काम मेघा करत होती.

मेघा तेव्हा एकोणीस वर्षांची, कॉलेजात. इथल्या बऱ्याच मराठी मुलांसारखी तिची गत. सगळं समजतं, बोलताना अडतं. शाळा हिंदी, मैत्रिणी हिंदी, स्वप्नंही हिंदीतच पडत असावीत. घरात आमच्याशी मात्र मराठी, आमचीच, काहून-बिहूनवाली. आणि त्या गोरखपुरच्या लेखकानं नंदाला शेवटचं वाक्य दिलं होतं ते असं : 'आई, या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याची इच्छा आता माझ्यात उरलेली नाही.' कोणती मुलगी बॅग खाली ठेवताना असं बोलते, मला माहीत नाही. मेघाच्या तोंडी 'उंबरठ्याभायेर' यायचं. मी लगेच म्हणायचो, भायेर नाही बेटा, बाहेर. सकाळी चहाच्या वेळी म्हणायचो, रात्री जेवताना म्हणायचो. बायको, सुनंदा, एकदा वैतागून म्हणाली की तिला नाटकातलं वाक्य म्हणू द्या, तुम्ही नका म्हणू. पण मला तिच्या वाटचीच भीती वाटत होती. सभागृहात आपल्या लोकांसमोर तिची फजिती झाली तर, एवढंच मी रोज मनात पाहत होतो.

प्रयोगाला हॉल भरला होता. मध्य प्रदेशातल्या मराठी मंडळांची स्पर्धा होती ती, त्यामुळे बाहेरगावचे परीक्षकही होते. नाटक चांगलं चाललं. मेघा इतकी छान काम करत होती की मीच दोनदा दोर सोडून पुढे सरकलो. मग शेवटचं पान आलं. मेघा बॅग घेऊन दारात गेली, वळली, आईकडे पाहिलं आणि थांबली.

ती थांबली, आणि थांबलीच. तोंड जरासं उघडं. विंगेत आपटेबाई प्रॉम्प्टिंगला होत्या, म्हणजे हातात प्रत धरून विसरलेल्याला हळूच पुढचा शब्द सांगायला. त्यांनी सुरू केलं, 'आई, या उंब...'. मेघा हलली नाही. माझ्या डोक्यात एकच आलं, गेली पोर, फ्रीज झाली. आणि मी दोर ओढला.

पडदा मिळाला, बाहेर टाळ्या सुरू झाल्या. आणि आत, अर्धवट अंधारात, मेघाचा आवाज आला. संथ, स्वच्छ. 'आई, या उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याची इच्छा आता माझ्यात उरलेली नाही.' एकही चूक नव्हती. 'बाहेर' तर असं म्हणाली की आपटेसरांनी मान डोलवावी. पण ते ऐकायला समोर फक्त पडद्याची पाठ होती.

प्रेक्षकांना वाटलं, नंदा घर सोडून गेली. परीक्षकांनाही तसंच वाटलं. त्यांनी भाषणात या धाडसी, अबोल शेवटाचं कौतुक केलं आणि दिग्दर्शनाचं बक्षीस आपटेसरांना दिलं. आपटेसरांनी ते अतिशय नम्रपणे घेतलं. दोन अंक घाम गाळून ज्यांनी नंदाला घरात ठेवलं होतं, ते लेखक सहा महिने आपटेसरांशी बोलले नाहीत.

मी ग्रीनरूममध्ये गेलो. मेघा मेकअप न पुसता बसली होती. मी म्हटलं, बेटा, तू विसरलीस म्हणून मी...

तिनं माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती. म्हणाली, "मैं भूली नहीं थी, पापा. मैं रुकी थी. आपने पहले से मान रखा था कि मैं भूलूँगी."

तोपर्यंत मी 'बाबा' होतो. त्या दिवशी पापा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून आवाज आला, पापा, चाय रख दी है. मी मराठीत विचारायचो, ती हिंदीत उत्तर द्यायची. कधी आवाज चढला नाही, कधी उलटं बोलली नाही. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. आईशी मराठी, शेजारच्या काकूंशी मराठी, मी खोलीत आलो की हिंदी. पुढे बँकेत नोकरी लागली, लग्न झालं तेही नागपूरला. तिथे सासूशी धडाधड मराठी. आणि दर रविवारी मला फोन, पापा, तबीयत कैसी है? सुनंदा म्हणायची, बोलते ना तुमच्याशी, मग कोणत्या का भाषेत होईना. मी म्हणायचो, हो, काय फरक पडतो. पडत होता. खूप पडत होता. हिंदीत मला वाईट कोणी बोललेलं नाही, पण हिंदीत मी कोणाचा बाप नव्हतो.

त्या प्रकरणानंतर मी एक गोष्ट शिकलो, जी खरं तर नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकायला हवी होती. ठरवून थांबलेला नट श्वास घेतो. विसरलेला नट श्वास घ्यायचंही विसरतो. तोंडाकडे बघायचं नाही, खांद्याकडे बघायचं. खांदे हलत असतील तर माणूस आत आहे, वाट पाहायची. नंतरची सगळी वर्षं मी खांदे पाहून पडदा टाकला आणि एकदाही चुकलो नाही. मेघाच्या वेळी मी खांदे पाहिलेच नव्हते. सहा आठवडे घरात जी चूक दुरुस्त करत होतो, तीच पाहायला मी विंगेत उभा होतो.

मी रिटायर झालो त्याच्या थोडं आधी दोर गेला आणि मोटर आली. आता भिंतीवर दोन बटणं आहेत, हिरवं आणि लाल. मोटर मिक्सरसारखी घरघरते, पण अडकत नाही. बटण दाबायला चौतीस वर्षांचा अनुभव लागत नाही हे ट्रस्टच्याही लक्षात आलं, आणि माझ्या जागी कोणाला घेतलं नाही. ज्याचा कार्यक्रम, त्यानं आपला माणूस उभा करायचा.

मागच्या वर्षी मेघाची बदली जबलपूरला झाली. नवरा, सहा वर्षांचा मुलगा, सगळे आले. आणि त्याच सुमाराला मंडळाला तेच नाटक परत करायची लहर आली. दिग्दर्शक अर्थातच आपटेसर. नंदाचं काम करणारी मुलगी नोकरी लागून बेंगळुरूला पळाली, तेव्हा आपटेसर मेघाकडे आले. वयाची चिंता आमच्या मंडळात कोणी करत नाही. आदल्या वर्षी ज्यांनी कॉलेजकुमाराचं काम केलं, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन प्रयोगासाठी पुढे ढकललं होतं.

मेघा हो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. ती म्हणाली. आमच्याकडे जेवायला आली होती, आईला मराठीत सगळं सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, "पर्दा पापा ही गिराएँगे. लेकिन इस बार मेरी लाइन से पहले गिरा, तो मैं पर्दे के आगे आकर बोलूँगी."

मी भाजी वाढून घेतली. ही शिक्षा होती की संधी, हे कळलं नाही. एवढं ठरवलं की या खेपेला तिचं एक वाक्यसुद्धा ऐकायचं नाही. ती आमच्याकडे पाठांतर करायला बसली की मी नातवाला घेऊन बाहेर पडायचो.

प्रयोग रविवारी दुपारी होता. मिश्राजीही रिटायर झालेले, पण माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. दोन अंक बघता बघता संपले. मेघा बॅग घेऊन दारात गेली. वळली. आईकडे पाहिलं. थांबली.

मला आतून हसू आलं. हाच तो, चौदा वर्षांपूर्वीचा तिचा थांबा, जो मी तिला पुरता घेऊ दिला नव्हता. घे म्हटलं, हवा तेवढा घे. आणि सवयीनं मी तिच्या खांद्यांकडे पाहिलं.

खांदे हलत नव्हते.

ती थांबली नव्हती. ती विसरली होती. डोळे हळूच आपटेबाईंच्या विंगेकडे सरकले. आपटेबाई आता सत्तरीच्या, त्यांच्या हातून पान निसटलं होतं आणि त्या मोबाइलच्या उजेडात ते शोधत होत्या. समोरच्या विंगेतून आपटेसर दोन्ही हात एकमेकांवर आणून मला खुणावत होते, बंद करा. मिश्राजी कानाशी म्हणाले की भैया, बिटिया अटक गई, गिरा दो. माझा अंगठा लाल बटणावर होता. दाबलं असतं तर तिची लाज राखली गेली असती. पण मग मी तेव्हा जे समजलो होतो, तेच खरं ठरलं असतं, चौदा वर्षं उशिरा का होईना. मला ते खरं ठरायला नको होतं. फार हिंमत वगैरे काही नव्हती. मी बटणावरचा हात काढला आणि पँटच्या खिशात घातला.

हॉलमध्ये कोणीतरी खोकलं. कोणाचा तरी मोबाइल वाजून बंद झाला. मेघा तशीच. आपटेसर हातवारे करून दमले आणि भिंतीला टेकले. मी देवाचं नाव घेतलं नाही, मी फक्त खांदे बघत होतो.

मग ते हलले. तिनं मोठा श्वास घेतला, बॅग खाली ठेवली आणि लेखकानं कधी न लिहिलेलं वाक्य बोलली.

"आई, मी कुठंच नाही जाऊन राहिली."

आपटेसरांनी डोळे मिटले. तिसऱ्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या बाई, आपल्याच घरात बसल्यासारख्या, सहज म्हणाल्या, "नको जाऊ वं बाई." आणि सगळा हॉल टाळ्यांनी वाजायला लागला. आईचं काम करणाऱ्या जोशीकाकूंना आता रडू खरंच आलं होतं. मेघा आणि त्या समोरासमोर फ्रीज झाल्या, पहिल्या अर्थानं. तो फ्रीज मी भरपूर ठेवला. मग हिरवं बटण दाबलं, माझ्या लक्षात आलं की ते उघडायचं आहे, आणि लाल दाबलं. नंतर लेखक सगळ्यांना सांगत होते की मी मूळ हेच लिहिलं होतं, आपट्यांनी शुद्ध केलं.

मेघा सरळ माझ्याकडे आली. घाम आलेला, बॅग परत हातात. म्हणाली, "बाबा, मी खरंच विसरली होती. तुम्ही पडदा काहून नाही टाकला?"

वाक्य मोठं होतं, पण मला त्यातला पहिलाच शब्द ऐकू आला. पुढचं थोडं उशिरा पोचलं. मी म्हटलं, "मला वाटलं, तू थांबलीस."

"चौतीस वर्षं पडदा ओढला तुम्ही," ती म्हणाली, "अन् अजून हे नाही समजत?"

"नाही समजत," मी म्हटलं.

त्यावर ती जवळजवळ दहा मिनिटं मला बोलत होती. माझी तंद्री, माझं वय, माझा चष्मा, सगळं काढलं. मराठीत. मध्ये दोन-तीनदा 'भायेर' म्हणाली. मी एकदाही दुरुस्त केलं नाही. मिश्राजी बाजूला उभे राहून ऐकत होते आणि त्यांना खात्री होती की त्यांना सगळं समजतंय. त्या दिवशी बहुतेक समजतही असावं.

तेव्हापासून मी परत बाबा आहे. सभागृहात कोणालाही विचारा, पाटणकर भैयांची नजर गेली, आता त्यांना बटण देऊ नका, हेच सांगतील. ही बातमी मेघानंच पसरवलीय आणि मी ती खोडून काढलेली नाही.

मेघाला मराठी वाचायचा कंटाळा आहे. हा अंक घरी येईल, ती बापाचं नाव पाहील, पहिला परिच्छेद वाचेल आणि फोन करून 'मस्त लिहिलं बाबा' म्हणेल. इथपर्यंत काही ती पोचत नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. समजलं होतं, बेटा. तू विसरलीस हे मला तुझ्या आधी समजलं होतं.